जपानचा रेल्वे पास आता सरसकट फायद्याचा नाही

जपानच्या सहलीसाठी आधी रेल्वे पास घ्यावा, हा रूढ सल्ला आता पडताळून पाहण्याची वेळ आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये साधारण श्रेणीच्या सात दिवसांच्या देशव्यापी पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येनवर गेली. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनचे जाण्या-येण्याचे भाडे मात्र सुमारे २८,००० येन आहे. हिरोशिमापर्यंत गेल्यासही ते ४०,००० येनच्या आत राहते. शिवाय, अतिवेगवान ‘नोझोमी’साठी पासधारकांना अधिभार द्यावा लागतो, तर काही गाड्यांच्या आगाऊ तिकिटांवर सवलत मिळते. त्यामुळे दोन-तीन शहरांपुरत्या सहलीत तिकिटेच किफायतशीर ठरतात. आठवडाभरात अनेक लांबचे टप्पे गाठणाऱ्यांनाच पास परवडतो. प्रवासाचा मार्ग निश्चित करून भाड्याची बेरीज केल्यावरच पासचा निर्णय घेणे हिताचे.