जकातीची मशीन आणि गोधडी

रमजान जवळ आला की आमच्या गावात यादी निघते. विधवा किती, तलाकशुदा किती, कोणाच्या घरी कमावणारा नाही. यादीतली बाई पन्नाशीच्या आतली असेल तर तिच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच शब्द लिहिला जातो : मशीन. ती बाई काय शिवते, शिवते तरी का, हे विचारायची पद्धत नाही. गरीब बाई आहे म्हणजे तिला शिवणकाम येणारच, असं आपण गृहीत धरलेलं आहे.

ही टीका करण्याचा अधिकार मला फारसा नाही, कारण चार वर्षांपूर्वी हीच चूक मी स्वतः केली. आम्ही पाच-सहा शिक्षकांनी आपापली जकात एकत्र केली आणि खालांसाठी मशीन घ्यायचं ठरवलं. खाला म्हणजे नात्यातल्या नव्हेत, मोहल्ल्यात सगळेच त्यांना खाला म्हणतात. नवरा गेल्यापासून जुन्या साड्या, लुंग्या, चादरी घेऊन गोधड्या शिवून देतात. एक गोधडी हाताने शिवायला त्यांना वीस-बावीस दिवस लागतात. मशीन आली तर महिन्याला तीन-चार होतील, असा आमचा हिशेब. बी.एड. झालेल्या बाईला बाजारातलं कळतं, असं समजून निवड माझ्यावर सोपवली.

मी पांढरी, विजेवर चालणारी, हलकी मशीन आणली. काज करते, वेलबुट्टी काढते, शिलाईचे वीसेक प्रकार. दुकानदाराने पॉपलिनच्या दुहेरी कापडावर ती चालवून दाखवली आणि मी खूश झाले. दोन महिन्यांनी खालांकडे गेले तर मशीन कोनाड्यात ओढणीखाली झाकलेली आणि त्या उंबऱ्यात बसून हातानेच धावदोरा घालत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "टीचर, झबल्याला लई चांगली आहे. गोधडीला दमते बिचारी." तक्रार केली नाही. ज्याला मिळालेलं आहे त्याने तक्रार करायची नसते, हे आपण गरिबांना फार लवकर शिकवतो.

मशीन का दमते, ते नंतर समजून घेतलं. गोधडी म्हणजे कापडाचे चार-पाच थर. जिथे दोन तुकड्यांचे सांधे एकावर एक येतात तिथे आठ-दहा होतात. हलक्या मशीनची छोटी मोटर तिथे घुरघुरते, सुई वाकते, कधी मोडते. सुईही चुकीची होती. तिच्यात १४ नंबरची पातळ सुई होती. सुती थरांना १६ लागते, जीन्सचं कापड आलं तर १८. हे पाच मिनिटांत सुधारता आलं असतं, पण सांगणारं कोणी नव्हतं. दुसरी अडचण सुधारण्यासारखी नव्हती. सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामधल्या जागेतून गोधडीची गुंडाळी जावी लागते. शाळेच्या पट्टीने मोजली तर ती जागा सहा इंचही भरली नाही. पाच फूट रुंद गोधडीचा मध्य शिवायचा म्हणजे अडीच फुटांचा जाड गुंडाळा त्यातून ढकलायचा. ढकलताना हात भरून येतात, आणि कापड ओढलं गेलं की टाका वाकडा.

आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. खालचे दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा थर पायाखाली दाबला जाऊन मागे राहतो. लांब शिलाई झाली की वरचं कापड बोटभर उरतं आणि चुण्या पडतात. त्यावर उपाय आहेत. पायाचा दाब स्क्रूने सैल करता येतो. वरच्या थरालाही बरोबर चालवणारा वेगळा पाय मिळतो, त्याला वॉकिंग फूट म्हणतात. पण तो आपल्या मशीनला बसतो का, हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं.

मग चांगली मशीन कोणती? माझं मत आता पक्कं आहे. घरी गोधडी शिवणाऱ्या बाईला वीस प्रकारच्या शिलाईचा उपयोग नाही. एकच सरळ टाका, पण तो आठ थरांतून न अडखळता गेला पाहिजे. त्यासाठी जुनी काळी, लोखंडी, पायाने चालवायची मशीन अजूनही बरी. वीज गेली तरी चालते, आणि कोकणात पावसाळ्यात वीज जाते हे मी सांगायला नको. सांध्यावर आली की चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. तालुक्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला ती उघडता येते. खाऱ्या हवेत गंजते, म्हणून आठवड्याला तेल घालावं लागतं, एवढंच. मधली जागा तिच्यातही फार नसते, हे मात्र खरं.

काही जण म्हणतात, मग कारखान्यातली मोठी 'जुकी'च द्या. ती मिनिटाला काही हजार टाके घालते. ज्या बाईला रोज दहा तास काम आहे तिला जरूर द्या. पण तिचं टेबल चार फुटांचं, खालांची खोली दहा बाय दहाची. आणि जुनी क्लच मोटर असेल तर शिवत नसतानाही ती गुणगुणत वीज खाते. सर्वो मोटर घ्यावी, ती पाय दाबला तरच फिरते.

हे सगळं मी खालांना सांगायला गेले तेव्हा त्या हसल्या. त्यांना मशीनवर पूर्ण गोधडी शिवायचीच नव्हती! तुकडे जोडायला आणि कडेची पट्टी लावायला मशीन हवी होती, कारण त्यात त्यांचे आठ-नऊ दिवस जात. मधला धावदोरा त्या हातानेच घालणार, कडेने सुरुवात करून गोल गोल आत येत. मशीनवर शिवणारे याच्या उलट मध्यापासून बाहेर जातात, चुण्या बाहेर ढकलायला. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बाया, त्यांत मुस्लीम, ख्रिस्ती, हिंदू सगळ्या, आपली 'कवंद' अशीच कडेकडून आत शिवत येतात. हाताने शिवलेली गोधडी मऊ राहते, आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. तुकडे जोडायचे तर थर दोनच, आणि मधली जागा किती हा प्रश्नच उरत नाही. पट्टी लावताना मात्र सगळे थर एकदम येतात, तिथे काळी मशीनच हवी. म्हणजे माझं शहाणपण अर्धं फुकट गेलं. आधी विचारलं असतं तर एका कपभर चहात काम झालं असतं.

खालांनी ती पांढरी मशीन विकली, त्यात थोडी भर घालून जुनी काळी घेतली. त्यावर गावात बोलणं झालं. "जकातीची मशीन विकली?" जणू काही मशीन अजून आमचीच होती. हनफी मसलकात जकात अदा व्हायला घेणाऱ्याला मालक करणं, म्हणजे तमलीक, ही अटच आहे. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, आमच्याकडेही फकीर-मिस्कीनचा हिस्सा त्याच्या मालकीचा होतो. ती विकेल, बदलेल, आपण कोण विचारणारे? १३व्या शतकातले इमाम नववी 'अल-मजमूअ'मध्ये लिहितात की ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला त्या हुन्नराची अवजारं घेता येतील इतकं द्यावं, किंमत कमी असो की जास्त. आणि ही रक्कम हुन्नर, मुलूख, काळ आणि माणूस यांप्रमाणे बदलते. आमच्या यादीत सगळ्या नावांपुढे एकच शब्द असतो.

मी वर्गात उर्दू शिकवताना 'गुदडी का लाल' हा वाक्प्रचार समजावते. मुलं लगेच म्हणतात, टीचर, म्हणजे आपली गोधडी. हो, आपलीच.

यंदाच्या यादीत अकरा मशिनी आहेत, सगळ्या एकाच नमुन्याच्या, कारण एकदम घेतल्या तर सूट मिळते. मी सही केलेली नाही. अकरापैकी सात जणींकडे जाऊन आले. दोघींना मशीन हवी आहे, एकीला पिको-फॉलची. एकीला घरघंटी पाहिजे. एकीकडे मशीन आहेच, तिला कापड घ्यायला पैसे हवेत. दोघींनी सांगितलं की मुलीची फी भरली तर बरं होईल. आणि एक जण काही बोललीच नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही द्याल ते." तिच्याकडे मला पुन्हा जायचं आहे. चार घरं अजून बाकी आहेत.