लाटेवर उभे करणारे हातमोजे?

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच खेळला गेला. यात अवघड काम उभे राहण्याचे. पालथा पडलेला खेळाडू तळहात छातीशेजारी टेकून झटक्यात पायांवर येतो. तेवढ्यात सारा भार मागे मुडपलेल्या मनगटावर येतो. मनगटाजवळ गादी असलेला हातमोजा घातला तर ते कमी मुडपते.

कारागीर बंधूंनी या मालाकडे जरूर पाहावे, पण चामड्याची सवय बाजूला ठेवून. खाऱ्या पाण्याने चामडे कडक होते, सुती दोरा कुजतो. येथे निओप्रीन हे कृत्रिम रबरच हवे. साधा स्पंज पाणी पितो आणि हात जड होतो. गादी सबंध तळहाताला लावू नये, फळीचा अंदाज जातो.

मोजे घातले की कोणीही उभा राहील, अशी जाहिरात मात्र व्यापाऱ्यांनी करू नये. तोल सरावानेच येतो. मनगटाला आराम मिळेल, एवढेच सांगावे. आधी थोडे जोड शिवून कर्नाटकातील मुल्की किंवा तमिळनाडूतील कोवलम येथे सर्फिंग शिकविणाऱ्यांना वापरायला द्यावेत. शिवण कुठे उसवते, ते त्यांनाच कळेल.