वस्तऱ्याला बफ मारू नका

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं, की कुलपं, पाने आणि बंद घड्याळांच्या ढिगात कधीतरी एखादा वस्तरा सापडतो. तीन महिन्यांपूर्वी असाच एक दिसला. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. पातं इतकं चकचकीत, की त्यात माझ्या दाढीचे खुंट मोजता यावेत. "काका, वर्ल्ड वॉरचा आहे. मस्त बफ मारून ठेवलाय," विकणारा म्हणाला. मी मूठ उजेडात तिरकी धरली. जिथे आकडे असायचे तिथे दोन पुसट खळगे उरले होते. पलटणीची अक्षरं तर साफ गेली होती. वस्तरा खाली ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

छत्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ग्राइंडिंग केलं, त्यामुळे बफच्या चाकाशी माझं वैर नाही. पण जुन्या लष्करी वस्तऱ्यावर ते फिरवणाऱ्याशी आहे, आणि हल्ली असे हौशी फार झालेत.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायाच्या सामानात सुरी, काटा, चमचा, कंगवा, साबणाचा ब्रश आणि वस्तरा असे. सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण असते. शिवाय बराकीत शेजाऱ्याने उचलू नये म्हणून मुठीवर शिपायाचा नंबर ठोकलेला सापडतो. गंमत अशी, की १९२०पर्यंत त्या सैन्यात प्रत्येक पलटण आपापले नंबर देई. म्हणजे एकच नंबर वेगवेगळ्या पलटणींत वेगवेगळ्या माणसांचा. नंबराशेजारी पलटणीची अक्षरं असली तरच माणूस हाती लागतो. पुढे सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्ब पडले, त्या आगीत या शिपायांची निम्म्याहून जास्त सेवापत्रकं जळाली. पदकांच्या याद्या मात्र वाचल्या. त्यामुळे मुठीवरची ती चार-सहा चिन्हं शाबूत असतील, तर शंभर वर्षांनीही त्या गड्याचं नाव निघू शकतं. बफवाला तेवढीच नेमकी पुसतो आणि वर त्याचे पैसे मागतो.

या वस्तऱ्याला वरचा ओठ मात्र बराच काळ वर्ज्य होता. ऑक्टोबर १९१६पर्यंत ब्रिटिश शिपायाने मिशी भादरायची नाही, असा नियमच होता. जनरल नेव्हिल मॅक्रेडी यांनी तो रद्द केला. त्यांना स्वतःलाही मिशी आवडत नसे म्हणतात. दाढी मात्र रोज करावी लागे. विषारी वायूचे हल्ले सुरू झाल्यावर तर मुखवटा गालाला घट्ट बसण्यासाठीही ती हवी झाली. खंदकातल्या गार, गढूळ पाण्यात हा उद्योग कसा उरकत असतील, हे माझ्या गरम पाण्याच्या गिझरसमोर उभं राहून कळायचं नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझा पहिला वस्तरा आईने देवघरातल्या समईबरोबर चिंच आणि मीठ लावून घासला. मी घरी नव्हतो आणि तिला सांगूनही ठेवलं नव्हतं. पितळ उजळलं. पोलादावर करडे डाग उठले, ते आजही आहेत. तेव्हापासून नियम एकच: गंज थांबवायचा, इतिहास घासायचा नाही. लाल, भुसभुशीत गंज असेल तर अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवायची. काळपट झाक आणि खड्डे राहू द्यायचे. पुण्याच्या पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, पण तो पात्याच्या सांध्यातही गेला पाहिजे. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. चामड्याच्या घरात वस्तरा ठेवू नये, चामडं ओल धरतं. सेल्युलॉइडच्या मुठी तर वेगळ्याच ठेवाव्यात. ते कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि आपलंच पातं खातं, शेजारच्या वस्तऱ्यांनाही सोडत नाही.

बफचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ. चाकावर ती क्षणात तापते. आधी वाळल्या गवतासारखी पिवळी, मग निळी झाली की पोलादाचं पाणी उतरलं. असा वस्तरा शोकेसमध्ये झळकेल, पण त्याला पुन्हा धार टिकायची नाही.

"वस्तरा दाढीसाठीच असतो, मग गंजका ठेवून उपयोग काय?" असं मित्र विचारतो. बरोबर आहे. माझे दोन वस्तरे मी दर रविवारी वापरतो. दगडावर धार लावा, चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास वेळा फिरवा, त्याने मुठीवरच्या नंबराला धक्का लागत नाही.

एक उणीव मला सलते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली ती ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन, म्हणजे आमच्या पुण्याच्या नावाची. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी शरण गेलेल्या सुमारे १३ हजारांत तीन हजारांहून जास्त बिनलढाऊ नोकर होते. आपल्या बखरींच्या भाषेत बुणगे. हिंदी पलटणींबरोबर जाणाऱ्या अशा लोकांत भिस्ती, धोबी, स्वयंपाकी आणि न्हावीही असत. टॉमीचे, म्हणजे ब्रिटिश शिपायाचे, अकरा शेफिल्डी वस्तरे माझ्या कपाटात आहेत. पलटणीच्या न्हाव्याच्या धोकटीतला एकही नाही. त्याच्या वस्तऱ्यावर नंबर कोण ठोकणार?

म्हणून मराठा पलटणींत माणसं पाठवणाऱ्या सातारा-रत्नागिरीकडच्या घरांना विनंती आहे. माळ्यावर पणजोबांची धोकटी किंवा ट्रंकेत एखादा वस्तरा असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका आणि चकचकीतही करू नका. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा थेंब लावा आणि तो कोणाचा, कुठून आला, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून चिठ्ठीवर लिहून त्याच्याशेजारी ठेवा.