सुई दक्षिणेकडे होती तेव्हा

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात वाट विचारावी लागत नाही. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज पेलत निघतात आणि सारे शहर सिद्धेश्वर तलावाकडे ओढले जाते. सूर्य मकरेत गेला, उत्तरायण लागले, असे आपण म्हणतो. खरे तर सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ डुलतो, म्हणून या दोन तारखांत शतकानुशतके साचत तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. आकाशातल्या खुणा अशा सरकतात हे आपण कधीच स्वीकारले. पण होकायंत्राची उत्तरही कायमची नाही, आणि याचा पुरावा आपल्याच पायाखाली आहे, हे मात्र सोलापूरकरांना कोणी फारसे सांगितलेले नाही.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेला लाव्हा. हजार अंशांहून तप्त असा तो रस निवत गेला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी सुमारे ५८० अंशांच्या खाली येता येता त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरली, आणि दगड थंडावल्यावर ती सोडली नाही. हे क्षेत्र घडते पृथ्वीच्या पोटात, २,९०० किलोमीटर खोलीवरच्या वितळलेल्या लोखंडाच्या घुसळणीतून. ती घुसळण एकसारखी चालत नाही. कधी क्षेत्र दुबळे पडते, कधी त्याची दोन्ही टोके अदलाबदल करतात. ही उलटापालट अलीकडे झाली ती सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. उलट, दख्खनचा लाव्हा येण्याआधीच्या एका काळात जवळजवळ चार कोटी वर्षे ती झालीच नाही. या लहरीपणाला वेळापत्रक नाही.

१९५० च्या दशकात लंडनला ब्लॅकेट आणि क्लेग यांच्या गटाने, आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती व डॉइच यांनी दख्खनचा दगड मोजायला घेतला. मोकळी टांगलेली चुंबकसुई नुसती उत्तर दाखवत नाही, जमिनीकडे झुकतेही: विषुववृत्ताजवळ आडवी, ध्रुवाकडे जावे तशी उभी. दगडात गोठलेला झुकाव सांगत होता, की हा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या पंचवीस-तीस अंश दक्षिणेला होती. खंड सरकतात हे वेगेनरचे म्हणणे तोवर बहुतेक भूवैज्ञानिक मानत नव्हते. ते मानायला लावणाऱ्या पहिल्या साक्षीदारांत आपला दगड आहे. या गोष्टीचा अभिमान महाराष्ट्राने अजून पुरता बाळगलेला नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरी साक्ष वेळेची. दख्खनच्या थरांतला फार मोठा भाग उलट दिशेचा आहे, म्हणजे तो थिजत असताना सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते. ही उलट अवस्था जेमतेम सात लाख वर्षे टिकली. इतका लाव्हा त्याच मुदतीत साचला असेल, तर तो कोट्यवधी वर्षे ठिबकत नव्हता, भूशास्त्राच्या मापाने तो झटक्यात आला. १९८६ मध्ये कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी हा मुद्दा जोरकसपणे मांडला. डायनोसॉर नाहीसे झाले ते याच काळात, म्हणून या दगडाकडे जगाचे लक्ष लागून राहिले. चुंबक उलटला म्हणून ते मेले असे मात्र कोणी समजू नये. उलटापालट त्याआधी काही लाख वर्षे होऊन गेली होती.

आजचे क्षेत्रही स्थिर नाही. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून त्याची मोजणी सुरू झाली. मोजणीत व्यत्यय आणणाऱ्या विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळा अलिबागला हलली, १९०४ मध्ये. तिथल्या इमारतीला आपला काळा दगड चालला नाही. तो स्वतःच चुंबकीय, म्हणून पोरबंदरचा दगड आणावा लागला. कुलाब्याच्या मोजणीला आरंभ झाला त्या सुमारापासून आजवर पृथ्वीचे क्षेत्र जवळपास नऊ-दहा टक्क्यांनी क्षीण झाले आहे. म्हणून उद्याच ध्रुव उलटतील असे नाही. असे चढउतार याआधीही झाले आहेत, हे दगडच सांगतो.

तलावाकाठच्या भुईकोट किल्ल्याच्या भिंतीतल्या प्रत्येक काळ्या चिऱ्यात गोठलेल्या दिशेचा असा एक बाण आहे. पण पाथरवटाने तो घडवून फिरवून बसवला, त्यामुळे शेजारशेजारचे बाण वाटेल तिकडे रोखलेले. क्रशरमध्ये गेलेल्या खडीचेही तेच: चुंबकत्व राहते, दिशा हरवते. दिशा टिकते ती फक्त जागच्या जागी असलेल्या दगडात. शहराभोवतीच्या एखाद्या बंद पडलेल्या खाणीची एक उभी कड, जिथे दोन लाव्हाथर आणि मधला तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तेवढी महापालिकेने व विद्यापीठाने मिळून राखावी, ही आमची मागणी आहे. तिथे मुलांना काठीच्या सावलीवरून उत्तर काढायला शिकवता येईल. अशा दगडाजवळ होकायंत्राची सुई भरवशाची नसते, म्हणून नमुना कापण्यापूर्वी त्यावर दिशेची खूण करताना संशोधकही सूर्याचाच आधार घेतात.