रिपोर्टवर यंत्राचे नाव लिहा

ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले की त्या महिन्यात रोपण करायचे नाही, भ्रूण गोठवून ठेवायचे, असा संकेत आपल्यापैकी अनेक जण पाळतात. गोठवणे, पुढच्या महिन्याची औषधे, जोडप्याचा खर्च आणि लांबलेली वाट, सारे या एका आकड्यावर ठरते. तो कोणत्या यंत्रावर मोजला, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिओल हे लहान रेणू आहेत. एकाच वेळी दोन प्रतिपिंडांनी त्यांना धरता येत नाही. त्यामुळे रक्तातला हार्मोन आणि खूण लावलेला हार्मोन यांच्यात मोजक्या प्रतिपिंडांसाठी चढाओढ लावावी लागते. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९च्या सुमारास इन्सुलिनसाठी सिद्ध केलेले हेच तत्त्व. किरणोत्सारी आयोडीन गेले, केमिल्युमिनेसन्स आले, रिपोर्ट तासाभरात मिळू लागला. पण पातळी खाली गेली की अचूकता घटते, सारख्या बांधणीचे इतर स्टेरॉइडही थोडेफार मोजले जातात. १.५ची रेघ नेमकी याच अवघड पट्ट्यात आहे. म्हणून तोच नमुना एका कंपनीच्या यंत्रावर रेघेखाली आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर रेघेवर येऊ शकतो. मास स्पेक्ट्रोमेट्री अधिक विश्वासार्ह खरी, पण सकाळचे रक्त आणि दुपारचा डोस या आपल्या वेळापत्रकात ती सहसा बसत नाही.

केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांचीही चौकशी करायलाच हवी. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन जोडीवर चालणाऱ्या चाचण्यांत बायोटिनचा मोठा डोस इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन खोटे वाढवून दाखवतो, तर एलएच, एएमएच आणि बीटा-एचसीजी खोटे कमी. गर्भ राहिलेला असताना बीटा कमी आला, तर त्या बाईवर काय गुदरेल!

तालुक्याहून येणाऱ्या रुग्णांचे रक्त कधी गावच्या लॅबमध्ये, कधी आपल्याकडे तपासले जाते आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यावर चढतात. ही पद्धत बंद झाली पाहिजे. एका सायकलचे सर्व नमुने एकाच यंत्रावर तपासा. यंत्र बदलायचे असेल, तर आधी काही दिवस दोन्हींवर तेच नमुने चालवून फरक नोंदवा. शोधनिबंधातली मर्यादा स्वीकारण्यापूर्वी त्यातली चाचणी कोणती होती, हे पाहा. आणि पॅथॉलॉजिस्ट मित्रहो, आकड्याशेजारी यंत्राचे व किटचे नाव छापण्याची सुरुवात या महिन्यापासूनच करा.