मंत्र्याच्या खुर्चीवर पैज



अमुक मंत्री राहणार की जाणार, ही चर्चा आपल्या सोलापुरास नवी नाही. चहाच्या टपरीवर, यंत्रमागाच्या खडखडाटात, विड्या वळणाऱ्या भगिनींत ती नित्य चालते, आणि चालावीही. राज्यकर्त्यांची झाडाझडती घेणे हा नागरिकाचा हक्कच होय. परंतु याच प्रश्नावर पैसे लावण्याचा धंदा आता उभा राहिला आहे, आणि त्यास जुगार न म्हणता भाकितांचा बाजार असे भारदस्त नाव देण्यात आले आहे. त्याचे खरे स्वरूप आपण ओळखले पाहिजे.

त्याची रीत साधी आहे. आपल्याकडे 'प्रोबो'सारख्या कंपन्यांनी ती मोबाइलवर आणली होती. प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही'. 'होय'चा भाव तीन रुपये, तर 'नाही'चा सात. ज्याचे उत्तर खरे ठरेल त्यास दहा रुपये, दुसऱ्याचे बुडाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत मात्र मंत्रिमंडळातून कोण जाणार, यावर उघड पैजा लागतात. आणि कायद्याने दार लावले तरी सट्टेबाज खिडकी शोधतो, हे मटक्याने आपणांस पुरते शिकविले आहे.

या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात की, मनुष्य पदरचे पैसे लावतो तेव्हा विचार करून लावतो. म्हणून बाजारभाव हेच खरे भाकीत. घटकाभर हे मान्य करू. पण जिंकतो कोण? मंत्र्याचे जाणे म्हणजे पाऊसपाणी नव्हे. ते चारदोन माणसे बंद दाराआड ठरवितात. ज्यास ते आधी कळते तो जिंकतो. ज्यास वर्तमानपत्रातून कळते तो हरतो. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांस अमेरिकेने पकडून नेले. त्याच्या थोडेच आधी एका निनावी खातेदाराने 'मादुरो जाणार' यावर पैसे लावून चार लाखांहून अधिक डॉलर मिळविले. हे भाकीत की आतली बातमी, असा प्रश्न जगाने विचारला. ही आतली बातमी आपल्या वस्तीपर्यंत कधी येणार आहे काय?

महाराष्ट्राचेच पाहा. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. मंत्रिपद जाणार, अशी हवा होती. ३१ जुलैस खाते तेवढे बदलले. कृषिखाते पूर्वी सोलापूरचे पालकमंत्री असलेल्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले, आणि कोकाटे यांस क्रीडाखाते मिळाले. आता सांगा, मंत्री गेला की राहिला? पैजेत याचा निकाल शब्दांच्या कसरतीने लागतो. शेतकऱ्याच्या हाती काय लागले, हे त्या बाजारात कोणी विचारीत नाही.

याउलट धनंजय मुंडे यांचा राजीनामा स्मरा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झाली. राजीनामा ४ मार्च २०२५ रोजी आला. मधल्या तीन महिन्यांत लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरले, न्याय मागत राहिले. अशा वेळी खुर्चीवर पैज लावणारा त्या घराच्या दुःखाचा भाव करतो. ज्याने 'राहणार' यावर पैसे लावले, तो न्याय लांबावा अशीच इच्छा करणार. नागरिकाचा असा प्रेक्षक आणि प्रेक्षकाचा असा हितशत्रू होतो.

मंत्रिपद सोडण्याचा अर्थ काय, हे बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात दाखविले. हिंदू कोड बिलाची वाताहत पाहून त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. ती स्त्रियांच्या हक्कांसाठी दिलेली किंमत होती. त्या किमतीस बाजारभाव नव्हता.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा धनासाठी झुरतो, आणि सभेत जुगाऱ्याच्या शब्दास किंमत उरत नाही, हे त्यांपैकीच आहेत. तिसऱ्या तोट्याचा विचार विशेष करा. संविधानाच्या १६४व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार आहे, आणि विधानसभा आपल्या मतावर निवडली जाते. म्हणजे आपला शब्द हीच आपली सत्ता.

म्हणून, मुलांच्या हातातील मोबाइलवर लक्ष ठेवा, आणि त्यांच्याशी राजकारणावर खुशाल वाद घाला. मंत्री चुकला तर अर्ज लिहा, सभा भरवा, आमदारास जाब विचारा, मतदानाच्या दिवशी हिशेब चुकता करा. दहा रुपयांच्या लोभाने ही सत्ता गहाण टाकू नका.