लेकीची सायकल रस्ता बघून घ्या

दहावीचा निकाल लागला की वस्तीत सायकलीची बोलणी सुरू होतात. कॉलेज लांब, एस.टी. वेळेवर नाही. बाप पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवतो. दुकानात पुढे शॉकअप, जाडजूड टायर, गिअर असलेली रंगीत सायकल उभी असते. लेकीची नजर तिच्यावरच जाते. दोन पावसाळ्यांनी तीच सायकल पडवीत गंजत पडते आणि लेक घरात बसते. आम्ही हे एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे: सायकल रूप बघून नको, रस्ता आणि अंग बघून घ्या.

आपला रस्ता कसा आहे? देवबाग-तारकर्लीकडे वाळू, सड्यावर जांभ्याची तांबडी खडी, मध्ये थोडं डांबर आणि पावसाळ्यात सगळीकडे शेवाळ. आपल्या कितीतरी वस्त्या डांबर संपतं त्याच्याही पुढे आहेत. बारीक टायर इथे घसरतो. चार इंची टायर वाळूत चालतो, पण घाटीत लेकीचा दम काढतो.

टायरच्या बाजूला २६×१.९५ असे आकडे असतात. पहिला चाकाचा व्यास, दुसरा टायरची रुंदी, दोन्ही इंचात. आपल्या वाटांना १.७५ ते २.१ रुंदी पुरे. नक्षी मध्ये दाट आणि कडेला गुटक्यांची असावी. म्हणजे डांबरावर सायकल हलकी पळते आणि खडीत पकडही मिळते. हवेची मर्यादा टायरवरच छापलेली असते. तिच्या आत राहून खडीवर थोडी कमी, डांबरावर थोडी जास्त हवा ठेवा. फारच कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

रिम अलॉयची घ्या. लोखंडी रिम भिजली की ब्रेक नीट धरत नाही आणि आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तारा स्टेनलेसच्या मिळाल्या तर उत्तम. स्वस्तातला शॉकअप जड असतो, खाऱ्या हवेत गंजून अडकतो. ते पैसे रिम आणि ब्रेकला घाला. वाळूतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल द्या.

हँडल सरळ किंवा जरा वर उचललेलं, खांद्यांपेक्षा थोडं रुंद असावं. खाली वाकलेल्या हँडलवर सगळा भार तळव्यांवर येतो. तिथून जाणारी नस दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. लेक 'हाताला मुंग्या येतत' म्हणाली तर आधी हँडल बघा. ब्रेक तिच्या बोटांत सहज यायला हवा. 'पुढे उंच होईल' म्हणून मोठी सायकल घेऊ नका. दोन्ही पाय जमिनीला टेकवून दांडीवरून उभं राहता आलं पाहिजे.

पडली तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, तांबडी खडी आत राहू देऊ नका. हळद, राख, चहापावडर भरू नका. धनुर्वातासाठी टीडीची लस १० व्या आणि १६ व्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकली असेल तर आजच द्या.

जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते. जाता-येता अर्धा-अर्धा तास सायकल चालवली की ती झाली. शिवाय लेक कोणाच्या गाडीची वाट बघत ताटकळत नाही.

पण आपण सायकल घेतली म्हणून ग्रामपंचायतीची जबाबदारी संपत नाही. येत्या ग्रामसभेत वस्तीच्या रस्त्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. टायर आपण निवडू, रस्ता त्यांनी करायचा आहे.